हलकं वाहन

माणसाला जागा किती लागते, या प्रश्नावर टॉलस्टॉयने १८८६ साली एक गोष्ट लिहिली. त्या गोष्टीतला शेतकरी जास्तीत जास्त जमीन पदरात पडावी म्हणून दिवसभर धावतो आणि सूर्य मावळता मावळता छाती फुटून मरतो. मग त्याला पुरायला जेवढी लागली तेवढीच त्याची खरी जागा, म्हणजे साधारण सहा फूट, असा हिशोब शेवटी निघतो. कॉलेजात ही गोष्ट वाचली तेव्हा मी चार दिवस अस्वस्थ होतो. पुढे बँकेत लागलो, वसईहून चर्चगेटला जाऊ-येऊ लागलो, आणि टॉलस्टॉय विरार लोकलने कधी गेलेला नव्हता हे माझ्या ध्यानात आलं. सहा फूट! एवढी ऐसपैस जागा एकट्याला मिळणार असेल तर सकाळच्या गाडीतली निम्मी माणसं जागच्या जागी मरायला तयार होतील. तेही खिडकीकडेला.

लोकलमध्ये जागा इंचांत मोजतात. तिघांच्या बाकावर जो चौथा बसतो त्याच्या जागेला चौथी सीट म्हणतात. ही सीट रेल्वेने दिलेली नाही; ती तिघांनी मिळून निर्माण करायची असते. आपण नुसतं समोर जाऊन उभं राहायचं आणि "जरा..." एवढंच म्हणायचं. वाक्य पुरं करायची गरज पडत नाही. तिघं कुरकुरतात, एकमेकांकडे बघतात आणि मग सरकतात. चौथ्या माणसाचं एक अंग बाकावर आणि दुसरं परमेश्वराच्या भरवशावर असतं. पण तो 'बसलेला' असतो. मी चोवीस वर्षं चौथ्या सीटवर बसतो आहे. पुष्पक विमानात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामीच राहायची असं म्हणतात. रामायणात ते विमान लंकेहून अयोध्येला गेलं आणि मग रामाने ते कुबेराकडे परत पाठवलं, असं सांगितलं आहे. ते पुढे पश्चिम रेल्वेला दिलं असावं, असा आमच्या ग्रुपचा समज आहे.

खुद्द रेल्वेच्या भाषेत या प्रकाराला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे दर चौरस मीटरला उभी चौदा ते सोळा माणसं. हा आकडा मी मुद्दाम देऊन ठेवतो. पुढे लागणार आहे.

अशा माणसाच्या दारात गेल्या वर्षी एक चालतं घर येऊन उभं राहिलं.

घर हिच्या थोरल्या बंधूंचं. ते पुण्याला असतात. नोकरीतून सुटल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्या पोटात बिऱ्हाड थाटलं. दोन बिछाने, ओटा, गॅस, बेसिन, लहानसा फ्रीज, वर पाण्याची टाकी आणि मागच्या अंगाला फळीच्या दाराआड संडास. याला मोटारहोम म्हणतात. या घरातून त्यांनी दोन वर्षांत एकदा गणपतीपुळे आणि एकदा महाबळेश्वर केलं. उरलेला वेळ सोसायटीशी पार्किंगवरून भांडण्यात गेला. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न आला. पुण्याच्या माणसाची अशी समजूत असते की दहिसर ओलांडलं की पुढे भातखाचरं आणि मिठागरंच लागतात. इथे २००९ पासून महानगरपालिका आहे हे त्याच्या कानावर गेलेलं नसतं.

"तुमच्याकडे काय, जागाच जागा," असं म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "फक्त एक करा, जावईबापू. रोज अर्धा तास तरी फिरवा. उभी राहिली की बॅटरी बसते, टायर बसतात."

ज्याला चोवीस वर्षांत नीट बसायला मिळालं नाही, त्याच्या गळ्यात सगळंच बसणारी गाडी पडली.

मोटारीचं लायसन मी मागे एकदा आशावादी मनःस्थितीत काढून ठेवलं होतं. ते या गाडीला चालेल का म्हणून कायदा पाहिला. कायद्याच्या दृष्टीने साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हे 'हलकं मोटार वाहन' आहे. आमच्या लग्नात आमच्याकडून गेलेली साडी हलकी होती असं वधूपक्षाकडचं कुणीतरी म्हणालं, त्याला वीस वर्षं होऊन गेली, मी अजून ऐकतो आहे. आणि हा कायदा साडेसात टनांना हलकं म्हणतो!

पहिल्या दिवशी मी हलकं वाहन नाक्यापर्यंत नेऊन परत आणलं. दुसऱ्या दिवशी नुसतंच कशाला जायचं म्हणून वाटेत कोथिंबीर घेतली. दहा रुपयांच्या कोथिंबिरीला साठ रुपयांचं डिझेल पडलं. तिसऱ्या दिवशी केस कापायला गेलो. माणूस उंचावर बसला की त्याच्यात काय फरक पडतो बघा: स्कूटरवरून जाताना ज्या रिक्षांना मी वचकून असायचो, त्या आता मला डासांसारख्या दिसू लागल्या. नायगावच्या बाजूला मालिकांचे सेट असल्यामुळे आमच्याकडच्या पोरांना अशा गाड्यांचा एकच अर्थ माहीत. गाडी दिसली की पोरं मागे धावायची आणि ओरडायची, "हिरोईन कोण आहे?" आतून मी कोथिंबीर घेऊन उतरलो की त्यांचा सिनेमावरचा विश्वास उडायचा.

चिरंजीवांचा उत्साह तर फारच. वसई-भाईंदर रो-रो बोट २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तेव्हा घर बोटीवर चढवून खाडी ओलांडू या, अशी सूचना त्यांनी मांडली. चहूकडे पाणी आणि मध्ये आपलं घर, हा अनुभव वसईकराला जुलै २०१८ मध्ये विनातिकीट मिळालेला आहे, असं सांगून मी ती फेटाळली.

तिसऱ्या रात्री मात्र बँकेतली सवय उफाळून आली आणि मी टेप घेऊन गाडी मोजली. लांबी सात मीटर, रुंदी दोन मीटरला थोडी जास्त. म्हणजे जवळजवळ पंधरा चौरस मीटर. विरार लोकलच्या मापाने या जागेत सव्वादोनशे माणसं उभी राहिली असती. आणि मी एकटा केस कापायला गेलो होतो. दोनशे चोवीस माणसांची जागा मी कुणाला न विचारता डोक्यावरच्या चार केसांसाठी वापरली. मनाशी म्हटलं, हे बरं नव्हे. अमेरिकेत पंचेचाळीस फुटी मोटारहोम असतात म्हणे. पण तिथेही लोक तिच्यामागे एक लहान मोटार जोडून नेतात आणि मुक्कामाला पोचल्यावर दूध आणायला ती लहान मोटार काढतात. म्हणजे जिथे रस्ते वसईच्या गावठाणाएवढे रुंद, तिथेही दुधासाठी घर बाहेर काढत नाहीत.

घर घेऊन हिंडणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. राजस्थानातले गाडिया लोहार चितोड पडल्यावर घराबाहेर पडले, चितोड परत मिळाल्याशिवाय छपराखाली राहायचं नाही अशी शपथ घेऊन. पिढ्यान् पिढ्या बैलगाडी हेच त्यांचं घर. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेलं, तरी पुष्कळांच्या गाड्या काही थांबल्या नाहीत. आपले घिसाडी त्यांच्याच नात्यातले म्हणतात. विळे-कोयते करत रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहतात. एन. टी. रामारावांनी १९८२ मध्ये जुन्या शेव्हरोले व्हॅनचा रथ केला, तिच्यातच राहून आंध्र पालथा घातला आणि पुढच्या वर्षी मुख्यमंत्री झाले. आणि २०२१ मध्ये आपल्या राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं. तेव्हा घर घेऊन हिंडण्याला आता सरकारी मान्यता आहे. घिसाड्याचं पाल मात्र आठ दिवस एका जागी राहिलं तर आमच्याच सोसायटीतून तक्रार जाते. मी स्वतः तिच्यावर सही केलेली आहे.

तर चौथ्या दिवशी गाडी फक्त चालू करायची, जागची हलवायची नाही, असं मी ठरवलं. बॅटरीला काय, चाकं फिरल्याशी मतलब नसतो. तेवढ्यात आई खाली आली.

आई एकोणऐंशी वर्षांची. गेली सहा वर्षं ती जवळजवळ घराबाहेर पडलेली नव्हती. लग्नं, मुंजी, देवदर्शन, सगळ्याला नाही. विचारलं की म्हणायची, "गुडघे रे." आम्ही गुडघ्यांना तेल लावलं, पट्टे आणले, दोन डॉक्टर केले. ती बिचारी सगळं लावून घ्यायची. आज ती 'बघू तरी आपल्या व्याह्यांच्या लेकाचं घर' म्हणत पायरीला धरून वर चढली. बिछान्यावर हात फिरवला, ओट्याकडे बघून नाक मुरडलं आणि मागचं फळीचं दार उघडलं. बराच वेळ तिथे उभी राहिली. साखळीऐवजी बटण असतं ते दाबून पाहिलं. मग विचारलं,

"हे गाडी चालू असताना वापरता येतं?"

"येतं की."

"मग मला आगाशीला ने."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग मला हळूहळू उमगलं, आणि उमगल्यावर कुठे बघावं ते कळेना. गुडघे नव्हतेच. तिला अर्ध्या तासाच्या वर थांबवत नव्हतं. रिक्षात बसायचं, वाटेत अडलो तर काय, ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे गेल्या गेल्या काय विचारायचं, या धास्तीने तिने सहा वर्षं गुडघ्यांचं नाव पुढे केलं होतं. दुसऱ्याच्या खात्यातली पन्नास पैशांची चूक शोधण्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्या मला घरातल्या घरात हे दिसलं नव्हतं. पुरुषांचं काय, सगळी भिंत त्यांचीच. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ चालवली, तिच्या बातम्या मी गाडीत मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या आणि आम्ही सगळे त्या नावाला हसलो होतो.

आगाशीला मावशी असते. ब्याऐंशी वर्षांची, अंथरुणावरून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणावर. अंतर म्हणाल तर बारा-पंधरा किलोमीटर. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, पण दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे ते संभाषण आमची पूर्ण इमारत ऐकायची. त्या दोघी तेवढ्या ऐकायच्या नाहीत. त्या दिवशी आई मावशीच्या खोलीत शिरली तेव्हा दोघी काही बोलल्याच नाहीत. मावशीने नुसता तिचा हात धरून ठेवला आणि तासाभराने म्हणाली, "तुझे केस किती गेले गं."

मी बँकेत एक महिन्याची साठलेली रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "आईची सेवा," म्हणालो. खोटं नव्हतं. पण त्या उंच आसनावर बसून निर्मळच्या तळ्याकाठाने गाडी हाकायला मला आवडू लागलं होतं, हा 'नरो वा कुंजरो वा' मी मनातल्या मनात हळूच म्हटला. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं अधांतरी चालायचा आणि तेवढं एक अर्धसत्य बोलल्यावर खाली टेकला. इतकी वर्षं आपण त्यात सत्याचंच माहात्म्य बघत आलो. मला आता वाटतं, खरं नवल त्या चार बोटांचं. जो रस्त्याला टेकतच नाही, तो कुणाची वाट अडवतही नाही.

माझा रथ दहाव्या दिवशी टेकला.

मोठा रस्ता खोदून ठेवलेला होता म्हणून गासच्या पुढे मी वाडीतल्या वाटेला लागलो. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला बावखल. बाहेरच्यांसाठी सांगतो: वाड्यांना पाणी देण्यासाठी आमच्याकडे पूर्वीपासून लहान लहान तळी खोदलेली आहेत, त्यांना बावखल म्हणतात. मध्यावर आलो आणि समोरून रिक्षा आली. रिक्षात लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी, तिला दोन्ही हातांनी धरून बसलेला तिचा मुलगा. म्हातारीचा श्वास इतक्या वरून चालला होता की काच बंद असूनही मला तो दिसत होता. रिक्षावाला उतरून आला.

"काका, दवाखान्यात न्यायचंय. घर मागे घ्या."

मी मागे घेऊ लागलो. घर मागे घेणं हे घर बांधण्याइतकंच अवघड असतं. दोनदा भिंतीला लागलं, तिसऱ्यांदा डाव्या बाजूचं मागचं चाक बावखलाच्या ओल्या काठावरून खाली गेलं. चार बोटं. मी खाली उतरून पाहिलं आणि मला घाम फुटला. रिक्षावाला एक शब्द बोलला नाही. त्याला तिथे रिक्षा वळवता येत नव्हती. मुलगा उतरला, मागून वाट दाखवत चालू लागला, आणि ती रिक्षा उलटी, गचके खात, पार क्रुसापर्यंत मागे गेली. तिथून दुसरी वाट होती. जाण्याआधी रिक्षावाल्याने गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि विचारलं,

"आत किती माणसं आहेत?"

"दोन," मी म्हणालो.

त्याने नुसती मान हलवली.

पाच मिनिटं गेली असतील. फार तर सहा. तेवढ्यात मागचं फळीचं दार उघडलं आणि आई पदर सारखा करत बाहेर आली. तिचा चेहरा प्रसन्न होता. "थांबलो का रे आपण?" म्हणाली.

वाडीतली चार माणसं आली. त्यांनी ते सगळं पाहिलेलं होतं. फळ्या घातल्या, खांदा लावला, चाक वर काढलं. मी खिशात हात घालताच त्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, "राहू द्या. पुन्हा येऊ नका म्हणजे झालं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी त्या बाजूने भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडे मी आडून आडून चौकशी केली. म्हातारी घरी आली होती. दमा होता, आता बरी होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिची सगळी वांगी घेतली. आणि वांगी घेऊन जिना चढता चढता मला कॉमर्सचं पहिलं वर्ष आठवलं. आम्हाला शिकवलं होतं की तेरीज जुळली म्हणजे वह्यांत चूक नाही असं समजू नये. भरपाईच्या चुका म्हणून एक प्रकार असतो. एका बाजूला शंभर जास्त, दुसऱ्या बाजूला कुठेतरी शंभर जास्त, आणि बेरीज झकास जुळते. म्हातारी वाचली ही माझ्या खात्यावरची जमा नव्हती. ती डॉक्टरांची, तिच्या मुलाची, उलटी रिक्षा चालवणाऱ्याची. माझ्या बाजूला पाच मिनिटं नावे पडलेली ती पडलेलीच. ती गेली असती तर मी अपराधी आणि राहिली म्हणून मी सज्जन, हे कुठल्या ऑडिटरला पटेल?

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमच्या जागी अँब्युलन्स असती तर? तीही एवढीच रुंद असते."

"अँब्युलन्सवर लिहिलेलं असतं."

"मग आपण लिहू. 'आत आई आहे.'"

ती थट्टेने म्हणाली, पण मी त्यावर फार विचार केला. असं लिहायला लागलो तर वसईत उद्या एकही गाडी कोरी राहणार नाही. महामार्गावर जिपांसारख्या त्या धिप्पाड गाड्या एकेक माणूस घेऊन उभ्या असतात, त्यांच्यातही कुणाची ना कुणाची आई, गुडघा, घाई असेलच. नसेलच असं मी कशावरून म्हणू? माझ्याच गाडीत आहे हे त्या रिक्षावाल्याला तरी कुठे दिसलं? त्याला दिसली ती सात मीटर पत्र्याची भिंत. आणि मला तरी, तो समोर येऊन उभा राहीपर्यंत, रिक्षा म्हणजे डासच दिसत होता की! लोकलमध्ये चौथी सीट मिळते ती आम्ही विरारकर-वसईकर फार उदार म्हणून नव्हे. बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला आमच्या औदार्याबद्दल विचारून बघा. ती मिळते, कारण समोर उभा असलेला माणूस आपल्या तोंडाकडे बघत असतो आणि त्याच्या तोंडावर दिवसभराचं सगळं लिहिलेलं असतं. पत्र्याला तोंड नसतं.

भिंत आपल्याकडे पूर्वीही चालली आहे. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवाला सामोरं जायला ज्ञानेश्वरांनी चालवली. लहानपणी त्या चित्राकडे बघून मला चमत्कार फक्त भिंतीचा वाटायचा. परवा पंचांगवाल्याच्या दुकानात ते चित्र पुन्हा दिसलं तेव्हा जाणवलं की चौघं भावंडं भिंतीच्या वर बसलेली आहेत. उघड्यावर. त्या भिंतीला आतली बाजूच नाही.

आईला मी रिक्षाचं काहीच सांगितलं नव्हतं. तिला ते कुणीही न सांगता कळलं होतं. सहा वर्षं जिने आमच्यापासून लपवलं तिच्यापासून मी काय लपवणार? दोन दिवस ती आगाशीचं नाव काढेना. "गुडघे दुखतायत," म्हणाली. ते ऐकल्यावर मात्र मला राहवेना. मी म्हटलं, आई, हे गुडघे आता पुरे. चल.

"चलते," ती म्हणाली, "पण मी पुढे बसणार. आणि दुपारी जायचं, दोननंतर, वाटा रिकाम्या असतात तेव्हा. वाडीतून नाही. रस्ता खोदलेला असला तर परत फिरायचं."

त्या दिवसापासून आई माझ्या शेजारी पुढच्या आसनावर, काच खाली करून, हात बाहेर. समोरून सायकल आली तरी हिचा हुकूम: "थांब, त्याला जाऊ दे." मग त्याला हाताने, "जा बाबा, जा." केळीचे घड लादलेला टेम्पो, शाळेच्या रिक्षा, पाटी घेतलेल्या बाया, सगळ्यांना आधी वाट. आगाशीला पोचायला दीड तास लागायचा. पण आठवड्याभरात नंदाखालच्या नाक्यावरची माणसं आम्हाला ओळखू लागली. "आजी, आज उशीर?" असं विचारून रिक्षावाले आपण होऊन बाजूला व्हायला लागले. गाडीची रुंदी एका इंचानेही कमी झालेली नव्हती.

म्हणजे प्रश्न सुटला असं म्हणता येईल का? एका दुपारी आम्ही सायकलींना वाट देत असताना आमच्या मागे एस.टी. अडकली होती. आरशात पाहिलं तर खिडक्याखिडक्यांतून डोकी. चाळीस माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं. दोन तास झाले की हो. हे दोन तास कुणाच्या नावे लिहायचे? आईच्या? मावशीने हात धरून ठेवला त्याच्या समोर? मी पुष्कळ हिशोब केले. त्यांच्यातही कुणीतरी आपल्या बहिणीला भेटायला निघालेलं असणार, इथपर्यंत आलो की माझी तेरीज बंद पडायची.

शेवटच्या रविवारी दोघा नातवंडांनी खुर्चीसकट उचलून मावशीलाच गाडीत बसवलं आणि आम्ही अर्नाळ्याला नेलं. दोघी बहिणींनी समुद्राकडे तोंड करून चहा घेतला. मावशीने मागचं दार उघडून ती सोय पाहिली, बटण दाबून पाहिलं, आणि आईकडे बघितलं. दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत सुटल्या. म्हणजे मावशीचेही गुडघेच होते तर.

ठरल्याप्रमाणे मेव्हणे आले. नातीचे फोटो दाखवले, गाडीला सगळीकडून बघून घेतलं, भिंतीला घासलेल्या जागी बोट फिरवून माझ्याकडे पाहिलं, बॅटरी छान राखलीत म्हणाले, आणि गाडी पुण्याला घेऊन गेले. खाली पंधरा चौरस मीटर जागा रिकामी झाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिथे लगेच दोन स्कूटर लावल्या.

आई गॅलरीत उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होती. मग आत आली, पलंगावर बसली आणि सवयीने गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या गासच्या रिक्षावाल्याला सांगून ठेव," ती म्हणाली, "रस्ता मोकळा झाला म्हणून."